राहतं घर मुलांच्या नावावर करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या मालकीच्या घराला धरून आहेत, मग तो सोसायटीतला फ्लॅट असो, रो हाऊस असो की गावठाणातलं घर. वारसा कायदा धर्माप्रमाणे बदलतो. बहुतेक उत्तरं हिंदू कायद्याखाली येणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत (त्यात बौद्ध, जैन आणि शीखही आले). मुस्लिम कुटुंबं, पागडी आणि गोवा यांचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोकांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत, म्हणून जिथे गरज पडली तिथे जुनेच दिले आहेत.

घर मुलांकडे गेलं की वारसा कर भरावा लागतो का?

नाही. आपल्याकडे १९५३ पासून इस्टेट ड्युटी होती, ती मार्च १९८५ मध्ये बंद झाली. १९५८ चा बक्षीस कर १ ऑक्टोबर १९९८ पासून गेला आणि संपत्ती कर कर निर्धारण वर्ष २०१६-१७ पासून. आईवडिलांचं घर मृत्युपत्राने मिळो, मृत्युपत्राशिवाय वारशाने मिळो किंवा त्यांनी हयातीत बक्षीस दिलेलं असो, त्याची किंमत मुलाच्या उत्पन्नात धरली जात नाही. ते घर भाड्याने दिलं तर भाडं मात्र त्याच्या उत्पन्नात येतं.

वारसा कर परत येणार, अशी आवई अधूनमधून व्हॉट्सॲपवर उठते आणि धास्तावलेले आईवडील घाईघाईत बक्षीसपत्र करून मोकळे होतात. कर वाचवण्यासाठी राहतं घर हयातीत देऊन टाकण्याला आजच्या कायद्यात काहीही आधार नाही. जो कर नाहीच तो वाचवणार कसा? हयातीत घर देण्याची कारणं दुसरी असू शकतात, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

मग कर लागतो तरी कधी?

मुलं ते घर विकतात तेव्हा. आणि किती लागेल हे बरंचसं आईवडिलांनी जपून ठेवलेल्या कागदांवर ठरतं.

समजा, डोंबिवलीतला एक वन बीएचके वडिलांनी १९८८ साली १,२०,००० रुपयांना घेतला. २०१९ मध्ये वडील गेले, फ्लॅट एकुलत्या एका मुलाकडे आला आणि त्याने तो २०२५-२६ मध्ये ७० लाखांना विकला. मुलाने खिशातून काहीच घातलेलं नाही, म्हणजे सगळे ७० लाख नफा, असं होत नाही. वडिलांची खरेदी किंमत तीच मुलाची धरतात आणि घर ‘किती वर्षं जवळ होतं’ हेही वडिलांच्या खरेदीपासून मोजतात. शिवाय खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असल्यामुळे त्या दिवसाचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून घेता येतो. अट एवढीच, की तो आकडा त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याच्या, म्हणजे सरकारी रेडी रेकनर दराच्या वर जाता कामा नये.

२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर १२.५ टक्के आहे आणि त्यात महागाई निर्देशांक लावता येत नाही. पण त्या तारखेआधी घेतलेलं घर किंवा जमीन निवासी भारतीयाने विकली, तर निर्देशांक लावून २० टक्के, या जुन्या पद्धतीनेही हिशेब करून बघता येतो. दोन्हींत जो कर कमी, तो भरायचा.

आता मुलाकडे २००१ चं मूल्यांकन ६ लाखांचं आहे असं धरू. नव्या पद्धतीने नफा ६४ लाख, कर ८ लाख. जुन्या पद्धतीने २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, त्यामुळे ६ लाखांचे २२,५६,००० होतात, नफा ४७,४४,००० आणि कर ९,४८,८००. म्हणजे नवी पद्धत परवडते. पण त्याच फ्लॅटचं २००१ चं मूल्य, रेडी रेकनरच्या मर्यादेत राहूनच, १२ लाख येत असेल तर चित्र पालटतं. नव्या पद्धतीने कर ७,२५,०००, जुन्या पद्धतीने फक्त ४,९७,६००. अधिभार आणि उपकर या आकड्यांत धरलेले नाहीत. ८ लाख आणि ४,९७,६०० यांतला हा तीन लाखांचा फरक नोंदणीकृत मूल्यमापकाच्या एका अहवालाचा आहे. निर्देशांक वडिलांच्या काळापासून लावायचा, वारसा मिळाल्या वर्षापासून नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मंजुळा शाह प्रकरणात स्पष्ट केलं होतं.

म्हणून मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा), घरात केलेल्या मोठ्या कामांची बिलं असलेली ती कपाटातली पिवळी पडलेली फाईल मुलांना दाखवून ठेवा.

विकून आलेल्या नफ्यातून मुलगा दुसरं घर घेत असेल तर कलम ५४ ची सूट आहे. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घर घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. सहा महिन्यांच्या आत कलम ५४ईसीच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी गुंतवूनही कर वाचतो. घर तीन भावंडांना मिळून आलं असेल तर नफा तिघांत विभागतो आणि प्रत्येकाला आपापली सूट घेता येते.

मृत्युपत्र चांगलं की बक्षीसपत्र?

राहतं घर एकच असेल तर मृत्युपत्र. मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं, त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि तुम्ही आहात तोवर मालक तुम्हीच राहता. बक्षीसपत्र नोंदवलं त्या दिवशी मालकी जाते. मुलगा कितीही गुणी असला तरी त्याचा धंदा बुडू शकतो, बँक जप्ती आणू शकते, त्याचा घटस्फोट होऊ शकतो, तो तुमच्या आधी जाऊ शकतो. त्या सगळ्यात तुमचं छप्पर अडकतं.

बक्षीसपत्राला अर्थ आहे तो दुसरं घर देताना, किंवा आपल्या मागे भावंडांत मृत्युपत्रावरून कोर्टबाजी होणारच अशी खात्री असेल तर. हयातीत, स्वतः दुय्यम निबंधकासमोर उभं राहून दिलेलं दान पाडणं मृत्युपत्रापेक्षा अवघड असतं.

सोसायटीत मुलाचं नॉमिनेशन केलंय. तेवढं पुरत नाही का?

पुरत नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढंच नॉमिनेशनने ठरतं, मालक कोण हे ठरत नाही. इंद्राणी वाही प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: सोसायटीला नॉमिनीच्या नावे हस्तांतर करावं लागेल, पण इतर वारसांना मालकीचा दावा स्वतंत्रपणे करता येईल. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तर नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’च म्हटलं आहे. वारस कायदेशीररीत्या ठरेपर्यंत तो विश्वस्तासारखा.

तरीही नॉमिनेशन कराच. ते नसेल तर सोसायटी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हमीपत्रं, सगळ्या वारसांच्या सह्या यात महिनोन् महिने घालवते. फक्त मृत्युपत्रात एक नाव आणि नॉमिनेशन फॉर्मवर दुसरं, असं करू नका. आणि वीस वर्षांपूर्वी लग्नाआधी आईचं नाव टाकलं होतं ते तसंच पडलंय का, तेही एकदा बघा.

वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावे हस्तांतर करताना सोसायटीला प्रीमियम मागता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि १०० रुपये प्रवेश शुल्क, एवढंच. ‘बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या सेक्रेटरींना उपविधी दाखवा.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं का?

चालतं. स्टँप पेपर लागत नाही, हाताने लिहिलेलंही चालतं. पण दोन साक्षीदार हवेतच. दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं (किंवा ती सही आपलीच असं तुम्ही त्यांना सांगितलेलं असावं) आणि दोघांनी तुमच्यासमोर सही केलेली असावी. ज्याला घर मिळणार त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण घ्या. मृत्युपत्र उघडायची वेळ येते तेव्हा साक्षीदारच हयात नाहीत, असं सर्रास होतं.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी. नोंदणी केली म्हणून मृत्युपत्राला आव्हान देता येत नाही असं नाही, पण ‘ही सही वडिलांची नाहीच’ हे म्हणणं कठीण होतं. सत्तरीच्या पुढे असाल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, त्याला गृहभेट म्हणतात. मजकूर घरात कोणालाच कळू द्यायचा नसेल तर मोहोरबंद लिफाफा जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोयही कायद्यात आहे.

फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर एकाच्या मृत्युपत्राने फक्त त्याचाच वाटा जातो. दोघांनी दोन मृत्युपत्रं करायची. ‘घर मुलाला, पण पत्नीला तहहयात राहण्याचा हक्क’ असं लिहायचं असेल तर मसुदा वकिलाकडून करून घ्या. पत्नीच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेला असा मर्यादित हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ खाली पूर्ण मालकीचा ठरू शकतो, आणि तो वाद चुकवायचा तर शब्द नेमके हवेत.

मुंबईतल्या घराला प्रोबेट लागतंच का?

वर्षानुवर्षं लागत होतं. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांतल्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, सक्तीचं होतं, पुण्या-नाशिकला नव्हतं. भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ते कलम २१३ संसदेने २०२५ च्या अखेरीस काढून टाकलं. सक्ती गेली, प्रोबेट गेलेलं नाही. वारसांत भांडण असेल किंवा मृत्युपत्रात एकाच मुलाला सगळं दिलेलं असेल, तर आपण होऊन प्रोबेट घेतलेलं बरं.

बक्षीसपत्राला खर्च किती?

नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. २०१५ पासूनची ही सवलत फार मोठी आहे, पण तिच्या कडा नीट बघा. दुकानाचा गाळा यात बसत नाही. भाऊ, बहीण, पुतण्या, जावई या यादीत नाहीत. सूनही नाही, मुलगा हयात असेल तर. शिवाय महापालिका हद्दीत बाजारमूल्यावरचा अधिभार वेगळा लागू शकतो, म्हणून ‘दोनशे रुपयांत काम’ असं समजून जाऊ नका. आधी मूल्यांकन करून आकडा काढून घ्या.

बक्षीसपत्र नोंदवलेलंच हवं. नोटरी केलेल्या बक्षीसपत्राने घर जात नाही, मग त्यावर कितीही शिक्के असोत. दोन साक्षीदार लागतात, देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने स्वीकार केलेला असावा लागतो आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करावं लागतं.

बक्षीसपत्र केलं आणि मुलाने बघितलंच नाही तर घर परत मिळतं का?

मिळू शकतं, पण बक्षीसपत्रात तशी अट असेल तर. ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, २००७ च्या कलम २३ खाली, मूलभूत गरजा आणि देखभाल पुरवण्याच्या अटीवर घर दिलं असेल आणि ते केलं गेलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून हस्तांतर रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नव्हती म्हणून आईचा दावा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात फेटाळला होता. २ जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ उदारपणे लावायला सांगितलं, बक्षीसपत्र रद्द केलं आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं असं म्हटलं. तिथे मुलाने सांभाळ करण्याचं लिहून दिलेलं होतं, हे विसरू नका.

‘प्रेमापोटी, आपुलकीपोटी’ एवढंच छापलेला तयार नमुना वापरू नका. देखभालीची अट आणि तुम्ही दोघं तहहयात त्याच घरात राहणार ही अट, दोन्ही स्पष्ट लिहा. राहण्याचा हक्क राखून दिलेलं बक्षीस वैध असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रेणिकुंटला राजम्मा प्रकरणात मान्य केलं आहे. मुलापुढे अशी अट घालायचा संकोच वाटत असेल, तर तोच संकोच बक्षीसपत्र न करण्याचं पुरेसं कारण आहे.

नुसतं माझ्या नावाला मुलाचं नाव जोडता येत नाही का?

लाईट बिलाला येतं. मालकीला नोंदणीकृत दस्त लागतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या हिश्शापैकी अमुक टक्के मुलाला बक्षीस द्यावे लागतील. सोसायटीच्या दाखल्यावर सहयोगी सभासद म्हणून नाव चढवल्याने तो मालक होत नाही. करपावतीवर नाव आल्यानेही नाही.

मुलीच्या लग्नात भरपूर खर्च केलाय. तिचा घरात हक्क राहतो का?

राहतो. लग्नाचा खर्च, हुंडा, सोनं यांनी वारसा फिटत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ पासूनच मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. तिथे २००५ च्या दुरुस्तीची गरजही नाही.

ती दुरुस्ती आहे वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसाठी. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना तिथे सहदायाद, म्हणजे जन्मतः वाटेकरी, केलं, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणूनच ‘चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालं, हक्क गेला’ हे वाक्य अजून गावोगावी ऐकू येतं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ते मागे पडलं. वडील त्या दिवशी हयात असायला हवे होते का, हा उरलेला वाद ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मिटला. हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

स्वकष्टाचं घर मृत्युपत्राने एकाच मुलाला देण्याचा वडिलांना अधिकार आहे. तसं करायचं असेल तर मृत्युपत्रात मुलीचा उल्लेख करा आणि कारण दोन ओळींत लिहा. मुलीचं नावच नसलेलं मृत्युपत्र कोर्टात संशयाने बघितलं जातं.

आजोबांचं घर वडिलांकडे आलं. ते वडिलोपार्जित, म्हणून मुलाचा जन्मतः हक्क, बरोबर ना?

बहुतेक वेळा चूक. आजोबांचं स्वकष्टार्जित घर १९५६ नंतर वारसाने वडिलांकडे आलं, तर ते वडिलांचं वैयक्तिक होतं. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून हा मुद्दा पक्का आहे. वडील ते विकू शकतात, मृत्युपत्राने देऊ शकतात, आणि ‘माझी सही नाही घेतली’ म्हणून मुलाला अडवता येत नाही. खरी एकत्र कुटुंबाची मिळकत शहरात आता क्वचितच सापडते. गावाकडच्या जुन्या वाड्यांत असते, तीही कागद तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

वडील मृत्युपत्र न करता गेले. आता काय करायचं?

आधी वारस मोजा. पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांना समान वाटा. पत्नी, एक मुलगा, दोन मुली असतील तर प्रत्येकी चौथा हिस्सा. आजी विसरली जाते आणि पुढे तिच्या वाट्यावरून काका-आत्या उभे राहतात.

घर एकाच्याच नावावर करायचं ठरलं असेल तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोड पत्र द्यायचं. आईवडील, भावंडं, मुलं, जोडीदार यांच्यात वडिलोपार्जित घराचं हक्कसोड मोबदल्याशिवाय असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. पूर्वी २०० रुपये होतं, ऑक्टोबर २०२४ पासून ५००. पैसे घेऊन हिस्सा सोडला तर तो व्यवहार वेगळा, त्यावर पूर्ण शुल्क आणि सोडणाऱ्याला भांडवली नफ्याचा करही येतो. बहिणींच्या सह्या राखीपौर्णिमेला आल्या असताना उरकून घ्यायची पद्धत जुनी आहे. निदान कागद त्यांना आठवडाभर आधी वाचायला द्यावा. मजकूर न सांगता घेतलेली सही पुढे कोर्टात महाग पडते.

वारसांत एकमत नसेल किंवा बँक, म्हाडा, सोसायटी पुरावा मागत असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो. महाराष्ट्रात तो अजूनही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो. ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ ही वेगळी चीज आहे, ती ठेवी आणि शेअर्ससाठी असते. घरासाठी ती आणत बसू नका.

मग नोंदी. फ्लॅटला सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), महापालिकेची कर आकारणी, वीज. स्वतंत्र घराला सिटी सर्व्हेकडे मिळकत पत्रिका, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८, जमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद. जमीन महसूल कायद्याने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. राज्य सरकारला २०२५ मध्ये मृत खातेदारांची नावं काढण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, यावरून आपण हे किती टाळतो ते दिसतं. फेरफाराने मालकी मिळत नाही, नोंद होते. पण नोंद नसेल तर विकताना गिऱ्हाईक पळतं.

घर आईच्या नावावर असेल तर?

आईने मृत्युपत्र केलं नसेल तर मुलं, मुली आणि तिचा नवरा यांना समान वाटा. तिच्या सासर-माहेरचं कोणी यात येत नाही, मुलं असेपर्यंत.

सुनेच्या किंवा लहान नातवाच्या नावावर केलं तर?

दोन्ही टाळा. सुनेला दिलेल्या घराचं भाडं कायद्याने सासू-सासऱ्यांच्याच उत्पन्नात धरतात, आणि मुद्रांकाची सवलतही नाही. नातू अज्ञान असेल तर तो अठराचा होईपर्यंत घर विकायला न्यायालयाची परवानगी लागते. लाडापोटी केलेला व्यवहार अडचणीच्या वेळी गोठून बसतो.

घरावर कर्ज आहे.

बँकेच्या संमतीशिवाय बक्षीस देता येणार नाही. मृत्युपत्र करता येतं, घर बोजासकट मुलांकडे जातं. कर्जाला विमा आहे का ते बघा.

पागडीची खोली मृत्युपत्राने देता येते का?

नाही. पागडीवाला भाडेकरू असतो, मालक नव्हे, आणि भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये वसंत प्रताप पंडित प्रकरणात ठरवलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो हक्क मृत्यूच्या वेळी भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. म्हणून गिरगावातल्या खोलीत आईबरोबर राहिलेल्या मुलीचा दावा ठाण्याला स्वतंत्र संसार थाटलेल्या मुलापेक्षा भक्कम असतो. रेशन कार्ड, मतदार यादी, बँकेचा पत्ता हे पुरावे त्यासाठी.

आम्ही मुस्लिम आहोत. वरचं किती लागू?

आयकराचं सगळं लागू. वारशाचं वेगळं. मृत्युपत्राने इस्टेटीच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, आणि सुन्नी कायद्यात वारसालाच द्यायचं तर इतर वारसांची संमती हवी. हयातीत हिबा, म्हणजे दान, करता येतो. देण्याची घोषणा, स्वीकार आणि ताबा या तिन्ही गोष्टी झाल्या तर तो नोंदणीशिवायही वैध, असं २०११ च्या हफीजा बीबी निकालात आहे. मात्र सोसायटी आणि सिटी सर्व्हेला कागद लागतोच, त्यामुळे शहरात नोंदणीकृत दस्त केलेला बरा.

मूळ गोव्याचे आहोत, राहतो मुंबईत. आम्हाला कोणता कायदा?

हा प्रश्न बहुतेक वकीलही पटकन चुकतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे आणि आता उत्तराधिकाराचा २०१२ चा राज्य कायदा. तो धर्म बघत नाही. लग्नानंतर, वेगळा करार नसेल तर, संपत्ती नवरा-बायकोची अर्धी-अर्धी. मृत्युपत्राने आपल्या वाट्याच्या निम्म्याचंच काय ते ठरवता येतं, उरलेलं निम्मं मुलांसारख्या सक्तीच्या वारसांचं. आणि १३ सप्टेंबर २०१९ च्या जोसे पावलो कुतिन्हो निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की गोव्याच्या अधिवासी माणसाच्या गोव्याबाहेरच्या भारतातल्या मिळकतीलाही हाच कायदा लागू. मुंबईतला फ्लॅट सगळाच्या सगळा धाकट्याला, असं मृत्युपत्र करण्याआधी तुमचा अधिवास कुठला ठरतो ते गोव्याच्या वकिलाला विचारा.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्या नावावर करता येईल का?

अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या) मुलाला राहतं घर बक्षीसही देता येतं आणि वारशानेही मिळतं. शेतजमीन आणि फार्महाऊस बक्षीस देता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकतं.

करात तीन फरक. अनिवासी मुलाने विकलं तर निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना पर्याय त्याला नाही. दुसरं, निवासी विक्रेत्याकडून ५० लाखांच्या व्यवहारापासून १ टक्का कापला जातो. अनिवासी असेल तर कितीही छोट्या व्यवहारावर खरेदीदाराला बराच मोठा टीडीएस कापावा लागतो, आणि कमी कपातीचा दाखला आधी घेतला नाही तर तो पूर्ण विक्री किमतीवर कापला जातो. तिसरं अमेरिकेच्या बाजूचं. तिथे वारशाने आलेल्या घराची किंमत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात, बक्षिसाला मात्र आईवडिलांचीच मूळ किंमत चिकटते. त्यामुळे विकताना मुलाला तिथला कर बक्षिसात जास्त बसू शकतो. एका वर्षात एक लाख डॉलरहून जास्त किमतीचं मिळालं तर त्याला तिथे फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं, त्यावर कर नसला तरी. न कळवल्याचा दंड जबर आहे.

विक्रीचे पैसे एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयांतलं खातं) आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. त्याला इथे यायला जमत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवायला सांगा आणि ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्या.